साडेतीन मैल पाइप

स्पायसर्स लिक, वेस्ट व्हर्जिनिया.
लिक म्हणजे हरणं मीठ चाटायला येत ती जागा,
हे डेल्फाबाईंनी सांगितलं पहिल्याच दिवशी,
नळाखाली पांढरा टॉवेल धरून.
टॉवेल विटकरी झाला.
"खाण बंद होऊन तीस वर्षं झाली," त्या म्हणाल्या,
"पाण्याला कुणी कळवलेलं नाही."

मी मिशनची बाई. सुवार्ता भांबळ, नर्स, नगर जिल्हा.
ज्या दवाखान्यात शिकले त्याची विहीर
इकडच्याच एका डॉक्टरीणबाईंनी खणून घेतलेली.
आता मी तिकडून इकडे.
लोक हसतात, मीही हसते,
पण हसण्यानं पाइप जोडला जात नाही.

साडेतीन मैल. तीन फूट खोल,
कारण थंडी अडीच फुटांपर्यंत उतरते.
चर्चच्या तळघरात बायबलांची खोकी, कपलिंगची खोकी,
पुठ्ठा सारखाच.
दोनदा चुकीचं खोकं खंदकावर गेलं.
ऑर्विलनं उघडून पाहिलं, टोपी काढली,
आणि अगदी गंभीरपणे विचारलं,
"हे दोन इंची आहे का?"

एकतीस घरांनी सह्या दिल्या.
बत्तिसावं वळणाच्या पलीकडे.
व्हर्लिन एस्टेप, एक कुत्रं, एक ऑक्सिजनचं नळकांडं.
"बदल्यात काय पाहिजे?"
काही नाही, म्हटलं.
"कंपनीपण हेच म्हणाली होती.
बापाला घर दिलं, दुकानात उधारी दिली,
मग एक दिवस आली आणि फुप्फुस घेऊन गेली.
फुकट देणाऱ्याचं बिल
पोराच्या नावानं येतं, बाई."

मला काही सुचेना.
कारण हा प्रश्न आमच्या घरात जुना.
थोमाआबांना गाव विचारायचं,
कशापायी बाटलास? पोत्यापायी?
पोत्यात तांबडी मिलो असायची, अमेरिकेची, कडसर,
भाकरी थापताना चिरा जायच्या.
आबा भांडले नाहीत कधी. एवढंच म्हणायचे,
"पोतं आठ दिवसांत संपलं.
पोहरा अजून माझ्या हातात आहे."
त्याआधी ते ओंजळ धरून उभे राहायचे
आणि वरून कुणी ओतेल तेवढंच पाणी त्यांचं.

हे इंग्रजीत कसं सांगायचं?
नाही सांगितलं.
ऑर्विलला म्हटलं, वळणापुढेही खण.
कुंपणाशी पाइप आणून ठेवला, तोंडाला बूच,
शेजारी एक पाना.
आणि परत आलो.

ऑक्टोबर गेला. बूच तसंच.
नोव्हेंबरात एका सकाळी दवाखान्याच्या पायरीवर तो,
दोन पावलं, एक दम, दोन पावलं,
हातात काचेची बरणी, आत काळपट दाट काहीतरी.
"महिन्याला एक. जमत असेल तर जोड.
आणि पावती पाहिजे."

बोट बुडवून चाखलं.
काकवी, पण उसाची नव्हे.
परसात ताटं लावतो, म्हणाला, आजापासून,
खेचर घाण्याला जुंपून रस काढायचे, आता ट्रॅक्टर.
गेले बघायला. कणसं खुडलेली,
पण पानांची ती सळसळ मी झोपेतही ओळखीन.
ज्वारी!
मी त्याच्या शेतात उभी राहून मोठ्यानं म्हटलं,
ज्वारी, ज्वारी,
आणि त्याला वाटलं मी प्रार्थना करतेय,
तो बिचारा टोपी काढून थांबला.

मिशन ऑफिसला वार्षिक अहवाल पाठवला.
नळजोडण्या : बत्तीस.
बाप्तिस्मे : शून्य.
खाली "इतर" असा एक रकाना होता,
त्यात लिहिलं : बरण्या, दोन.
त्यांचं पत्र आलंय, खुलासा करावा म्हणून.

पहिलं पाणी तीन मिनिटं विटकरी आलं,
मग दुधी, मग काहीच रंग नाही.
व्हर्लिननं ग्लास आणला नाही.
घमेलं सरकवलं, आधी कुत्र्याला पाजलं,
आणि भिंतीवरच्या घड्याळात बघत
तासभर वाट पाहिली.